हर्षाच्या आधी दुर्गा

‘भारतातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी कोण?’ या प्रश्नाला आपण बरीच वर्षं ‘हर्षा’ असं उत्तर देत आलो. ६ ऑगस्ट १९८६, मुंबईचं केईएम रुग्णालय, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार. आपल्याला त्याचं कौतुक असणं साहजिकच आहे. पण कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांविषयी वाचलं आणि मी अस्वस्थ झालो.

आधी थोडं उपचाराबद्दल. (मी जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा घरातल्या डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावं.) बीजवाहिन्या बंद असल्या की स्त्रीबीज आणि शुक्राणूंची गाठच पडत नाही. म्हणून बीज बाहेर काढून काचेच्या बशीत ती घालून द्यायची, आणि दोन-पाच दिवस वाढलेला गर्भ गर्भाशयात सोडायचा. नाव नळीचं, पण नळी त्यात नसतेच!

इंग्लंडमध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांना हे साधलं. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या वेळी आईच्या नैसर्गिक चक्रातलं एकच बीज दुर्बिणीने काढलं होतं. मुखोपाध्यायांनी संप्रेरकं देऊन जास्त बीजं तयार होऊ दिली, ती योनिमार्गाने काढली, गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात आईच्या गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा जन्मली. गोठवलेल्या गर्भापासून पुढचं मूल जन्माला आलं ते १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियात. आज तर हे सगळं रोजचंच झालंय.

पण राज्य सरकारने नेमलेल्या समितीचा विश्वास बसला नाही. या तंत्राचा अनुभव समितीत कुणालाच नव्हता! जपानला जाऊन आपलं काम मांडायची परवानगीही त्यांना मिळाली नाही. शेवटी बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मला मोठे वाटतात ते आनंद कुमार. १९९७ साली मुखोपाध्यायांची टिपणं त्यांच्या हाती आली. ती वाचून त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहिला: पहिला मान मुखोपाध्यायांचा. म्हणजे स्वतःचं ‘पहिलेपण’ स्वतःच्याच हाताने खोडलं. कोणी मागितलं नव्हतं हो!

दुर्गाच्या आईवडिलांनी इतकी वर्षं लेकीची ओळख लपवली होती. २००३ साली, पंचविसाव्या वर्षी, ती डॉक्टरांच्या स्मृतिसमारंभात स्वतःहून लोकांसमोर आली.