साठीची शांत आणि हजार चंद्र

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आधी पोखर्णी, मग गंगाखेड आणि शेवटी परळी लागते. या तिन्ही गावांचे मरणाशी जुने नाते आहे. पोखर्णीला नृसिंह, मराठवाड्यातल्या कितीतरी घराण्यांचे कुलदैवत. गंगाखेडला गोदावरी, जनाबाईचे हे गाव, आणि पंचक्रोशीतले लोक घरच्या माणसाच्या अस्थी घेऊन येतात तेही इथेच. परळीला वैजनाथ. अल्पायुषी मार्कंडेयाला शिवाने यमाच्या हातून सोडवले ते परळीलाच, असे तिथले लोक सांगतात. त्याच्या नावाचे तीर्थही गावात आहे.

पोखर्णीच्या देवाची कथा सगळ्यांना पाठ असते, पण तिच्यातला दैत्य नीट पाहावा असा आहे. हिरण्यकशिपूचा भाऊ वराहाच्या हातून मेला होता. त्याची भीती पोकळ नव्हती. त्याने तप केले आणि ब्रह्मदेवापुढे अटींची यादीच ठेवली: घरात मरण नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको, जमिनीवर नको, आकाशात नको. एखाद्या मुरलेल्या वकिलाने केलेला करारनामाच तो! नृसिंहाने त्यातली एकही अट मोडली नाही. सांजवेळ, उंबरठा, मांडी आणि नखे एवढ्यावर भागले.

नृसिंहाला पुजणाऱ्या घरांनी मात्र मरणाशी दुसरा व्यवहार केला. त्यांनी अटी घातल्या नाहीत, तारखा ठरवल्या. पौरोहित्याच्या पोथ्यांत त्याला वयोवस्था शांती म्हणतात. पन्नाशीला वैष्णवी, पंचावन्नला वारुणी, साठीला उग्ररथ, पासष्टला मृत्युंजय महारथी, सत्तरीला भैमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री, ऐंशी ओलांडताना सहस्रचंद्र, आणि गाडी पुढे शंभरापर्यंत जाते. उग्ररथ, मृत्युंजय ही नावे काही अभिनंदनाची नाहीत. जुन्या ग्रंथांत तर सत्त्याहत्तराव्या वर्षातल्या सातव्या महिन्याच्या सातव्या रात्रीलाच भीमरथी म्हटले आहे. माणसाला ओलांडायला अवघड अशी ती रात्र. भीती लपवलेली नाही; तिचे हप्ते पाडले आहेत, आणि प्रत्येक हप्त्याला जेवणावळ.

साठ हा आकडा उगाच निवडलेला नाही. प्रभव, विभव करत साठ संवत्सरांचे चक्र फिरते, आणि साठ वर्षे पूर्ण झाली की जन्माचे संवत्सर पुन्हा येते. ऐंशीचा हिशोब त्याहून मजेचा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ धरला, तर हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. वर्षाला बाराच पौर्णिमा मोजल्या तर ऐंशी वर्षांत 960 होतात. उरलेल्या चाळिसांतल्या तिसेक अधिक महिन्यांनी भरून निघतात आणि बाकीच्या त्या वरच्या दहा महिन्यांनी.

हे सारे म्हातारपणीच सुरू होते असेही नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 साली पुरा केलेल्या ‘धर्मसिंधू’त वाढदिवसाचा विधी आहे. त्यात सप्तचिरंजीवांबरोबर मार्कंडेयाची पूजा करायची आणि तीळ-गूळ घातलेले दूध प्यायचे. वाढदिवसाच्या दिवशीही आयुष्यच मागायचे होते. या शांतींचा इतिहास अलीकडच्या काळात नीट लावला तो पां. वा. काणे यांनी, ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या पाचव्या खंडात. तो खंड 1962 साली पुरा झाला तेव्हा काणे ऐंशी ओलांडून गेले होते!

आज साठीचे कोणाला अप्रूप नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातले सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आत होते. पाळण्यातली मरणे त्या सरासरीला फार खाली ओढत, हे खरे. तरी प्लेग, पटकी, दुष्काळ आणि 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ यांतून तगून साठी गाठणारा माणूस गावात उठून दिसे. त्याच्या वयाइतके दिवे लावून औक्षण करायचे, तर घरच्यांना त्याचे कौतुक वाटे आणि मनात धास्तीही असे.

पुढे धास्ती गेली, कौतुक उरले. साठीची शांत एकसष्टी झाली, पंच्याहत्तरी अमृतमहोत्सव झाली. होमकुंडाच्या जागी शाल, श्रीफळ आणि गौरवग्रंथ आले. समारंभात मरणाचे नाव काढणे अशुभ ठरू लागले. साऱ्या विधीचे प्रयोजनच मुळी ते होते, हे विसरले गेले. जुनी रीत अधिक प्रामाणिक होती.

प्रामाणिक असली तरी ती सगळ्यांसाठी नव्हती. शांत करायला जन्मपत्रिका लागते, दक्षिणा लागते. यजमान पुरुष, बायकोने शेजारी बसून त्याच्या हाताला हात लावायचा. विधवेला तेही नाही. आणि ज्याचा जन्म कुठे नोंदलाच नाही, त्याने चंद्र कुठून मोजायचे? मराठवाड्यातल्या खेड्यांत वय सांगायची रीत वेगळी होती. कोणी सांगे, रझाकारांच्या वेळी मी रांगत होते; कोणी, पोलीस ॲक्शनच्या साली लग्न झाले; कोणी, बाहत्तरच्या दुष्काळात धाकटा पोटात होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून लिहिला, आणि तीच तारीख पुढे कागदोपत्री पक्की झाली.

त्या पोलीस ॲक्शनने निजामाचे राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपले. तेव्हा रांगणाऱ्या मुलीने आज सत्तरी कधीच ओलांडली आहे आणि तिचे हजार चंद्र आता फार लांब नाहीत. घरात अशी आजी असेल तर तिच्याजवळ बसून रझाकार, लग्न, दुष्काळ असा माग काढत तिचे जन्मसाल ठरवून घ्या. पुरोहित बोलवायचा की नाही ते नंतर बघा, पण दिवे लावताना ती यजमानाच्या पाटावर बसलेली असू द्या.