अक्षरांची खिडकी

‘इस्लाममध्ये चित्र वर्ज्य, म्हणून मुसलमानांनी नाइलाजाने नक्षी काढली,’ असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह घ्या. त्याच्या पदरी नामांकित चित्रकार होते, त्याची स्वतःची चित्रं आजही संग्रहालयांत आहेत. 1627 मध्ये तो वारला आणि इब्राहिम रौज्यात दफन झाला. तिथे त्याचं चित्र नाही. आहेत ती अक्षरं.

कबरीच्या दालनाच्या खिडक्यांना जाळी आहे तीच अरबी अक्षरांची. अक्षरं दगडात ठेवून मधली जागा आरपार कोरलेली, त्यामुळे उजेड अक्षरांच्या फटींतून आत येतो. कागदावर नुक्ता सुटा देता येतो. जाळीत सुटा नुक्ता गळून पडेल. तो कशाला तरी चिकटलेलाच हवा. म्हणजे खुशनवीस आणि पाथरवट यांना एकमेकांचं काम कळल्याशिवाय ही खिडकी होणं शक्य नव्हतं. बांधकाम पाहणाऱ्या मलिक संदलचं नाव तिथल्या फारसी शिलालेखात आहे, हेही बरं झालं.

बाहेरच्या भिंतींवरही कोरीव आयती आहेत. अख्खा कुरआन कोरलाय असं ऐकायला मिळतं. ते खरं नाही, आयती निवडक आहेत.

समोरच्या मशिदीच्या छज्जाला एकाच दगडातून काढलेल्या साखळ्या लोंबतात. कड्यात कडं, कुठेही सांधा नाही. तशाच दगडी साखळ्या कांचीपुरमच्या वरदराज मंदिरातही आहेत.