महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षण सहली

ठरावीक ऋतूत येणारे किंवा क्वचित आढळणारे पक्षी त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहण्यासाठी काढलेल्या, सामान्यतः एका दिवसात पूर्ण होणाऱ्या सहलीस पक्षिनिरीक्षण सहल म्हणतात. महाराष्ट्रात धरणांचे जलाशय, खाड्या, माळराने आणि सह्याद्रीतील जंगले हे चार प्रकारचे अधिवास मोठ्या शहरांपासून काही तासांच्या अंतरावर असल्याने अशा सहली लोकप्रिय आहेत. कोणता पक्षी कोठे व केव्हा दिसेल हे स्थळाइतकेच जलाशयातील पाण्याची पातळी, भरती-ओहोटीची वेळ, गवताची वाढ आणि झाडांचा फुलोरा यांवर अवलंबून असते. सहलीत घेतलेल्या नोंदी पक्ष्यांच्या संख्येचा व स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी उपयोगी पडतात.

पार्श्वभूमी

मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास मुख्यतः बंदुकीने टिपून जमवलेल्या नमुन्यांवर आधारलेला होता. सालिम अली (१८९६–१९८७) यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे सचित्र पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे जिवंत पक्षी दुरूनच पाहून ओळखणे सामान्य वाचकालाही शक्य झाले.

मराठीत ही आवड रुजवण्यात वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या ‘पक्षिकोश’ या ग्रंथात पक्ष्यांची मराठी व लोकव्यवहारातील नावे संकलित केलेली आहेत. चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. हिवाळी सहलींचा हंगामही साधारणपणे याच सुमारास सुरू होतो.

ऋतुमान

हिवाळा (ऑक्टोबर ते मार्च): मध्य आशिया, सायबेरिया व हिमालय या भागांतून बदके, हंस, तुतवार, धोबी, भोवत्या व माशीमार पक्षी दक्षिणेकडे येतात. जलाशयांवर थापट्या, तलवार बदक, भुवई बदक व चक्रवाक यांचे थवे दिसतात. पट्टकादंब हा हंस तिबेट, मंगोलिया व मध्य आशियातील उंच प्रदेशांत वीण करतो. हिमालय ओलांडताना तो सुमारे ७,००० मीटर उंचीपर्यंत उडाल्याच्या नोंदी आहेत.

वाटसरू पक्षी: काही पक्षी महाराष्ट्रात मुक्काम न करता केवळ येथून पुढे जातात. अमूर ससाणा पूर्व सायबेरिया व उत्तर चीनमधून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जाताना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महाराष्ट्रातून जातो आणि नंतर अरबी समुद्र ओलांडतो. एका ठिकाणी तो बहुधा काही दिवसच दिसतो. त्यामुळे त्याचे दर्शन झाल्याची वार्ता मिळताच त्याच आठवड्यात सहली निघतात.

उन्हाळा (मार्च ते मे): जलाशय आटू लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्षी, शेकाटे व चित्रबलाक मोठ्या संख्येने जमतात. भोरड्यांचे थवे पळस, पांगारा व काटेसावरीच्या फुलांवर उतरतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. जंगलातील आटत चाललेल्या पाणवठ्यांजवळ अनेक पक्षी सकाळी व सायंकाळी पाण्यावर येतात.

पावसाळा (जून ते सप्टेंबर): चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि सातभाई पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालतो. नवरंग व तिबोटी खंड्या हे पक्षी या काळात कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांत वीण करतात.

प्रमुख स्थळे

भिगवण: पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर हे गाव आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाणफुगवट्यात अनेक गावे व शेतजमिनी बुडाल्या आणि विस्तीर्ण उथळ काठ तयार झाला. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असताना काठावर चिखल नसतो, त्यामुळे रोहित पक्षी फारसे दिसत नाहीत. पाणी ओसरू लागल्यावर, बहुधा जानेवारीनंतर, त्यांची संख्या वाढते. पट्टकादंब पाहण्यासाठी मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक योग्य असतो. मासे पकडणारा कैकर हा शिकारी पक्षी पाण्यात उभ्या असलेल्या वठलेल्या झाडांवर बसलेला आढळतो. कुंभारगाव व डिकसळ येथील मच्छीमार पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. पाण्याची खोली व थव्यांच्या जागा यांची त्यांना रोजची माहिती असते आणि हंगामात त्यांना त्यातून पूरक उत्पन्न मिळते.

नांदूर मधमेश्वर: नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा नद्यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे हा जलाशय निर्माण झाला. साचलेल्या गाळामुळे येथे बेटे, उथळ पाणी व पाणवनस्पती यांचे मिश्रण तयार झाले असून तेच पक्ष्यांच्या विपुलतेचे मुख्य कारण आहे. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थळ होय. येथे निरीक्षण मनोऱ्यांवरून पक्षी पाहता येतात.

ठाणे खाडी: दोन्ही जातींचे रोहित पक्षी हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत येथे मोठ्या संख्येने असतात. खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला. ऐरोली येथून वन विभागातर्फे बोटीची सोय आहे. येथे ऋतूइतकेच भरतीचे वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. ओहोटीत चिखलाणी उघडी पडल्यावर पक्षी तेथे खाद्य शोधतात. मोठ्या भरतीत चिखलाणी बुडते, तेव्हा ते नवी मुंबईतील पाणथळ जागांवर विश्रांतीसाठी जातात.

कर्नाळा: पनवेल तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गालगत असलेले हे अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. क्षेत्र लहान असले तरी जंगल दाट आहे. हिवाळ्यात माशीमार व कस्तूर कुळातील पक्षी, तर पावसाळ्याच्या आरंभी नवरंग व तिबोटी खंड्या यांच्यासाठी निरीक्षक येथे येतात.

नान्नज व दख्खनची माळराने: सोलापूरजवळील नान्नज हे माळढोक अभयारण्याचे केंद्र असून अभयारण्याची घोषणा १९७९ साली झाली. एके काळी माळढोकासाठीच येथे सहली निघत. आता तो अत्यंत विरळ झाला असून त्याच्या दर्शनाची खात्री देता येत नाही. तरीही धाविक, पखुर्डी, चंडोल आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या यांच्यासाठी ही माळराने महत्त्वाची आहेत. भोवत्या दिवसा गवतावरून संथपणे फिरत नाकतोडे व उंदीर टिपतात आणि रात्री समूहाने गवतातच मुक्काम करतात.

गोंदिया: सारस क्रौंच महाराष्ट्रात मुख्यतः या जिल्ह्यात व त्यालगतच्या भागात उरला आहे. तो भातखाचरांत घरटे बांधत असल्याने त्याचे संरक्षण शेतकऱ्यांच्या सहकार्यावर अवलंबून आहे.

नोंदींचे महत्त्व: रानपिंगळ्याचे उदाहरण

दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीची विश्वासार्हता किती महत्त्वाची असते हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या लहान घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर खानदेशातून काही नमुने मिळाले, परंतु १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे नमुना मिळवल्याचा दावा केला होता. पुढील तपासात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच असून त्यावरील स्थळ व तारीख खोटी असल्याचे निष्पन्न झाले.

पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी ही खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या स्थळांवर शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना शहादा परिसरात रानपिंगळा आढळला, म्हणजे शेवटच्या विश्वसनीय नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. त्यानंतर मेळघाट, यावल व तानसा या जंगलांतही त्याचे अस्तित्व नोंदले गेले. रानपिंगळा दिवसाही सक्रिय असल्याने तो सकाळच्या सहलीत दिसू शकतो. मात्र साध्या ठिपकेदार पिंगळ्याशी त्याची गल्लत होण्याची शक्यता असते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि छातीचा गडद पट्टा ठळक असतो. म्हणून छायाचित्र किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण जोडलेली नोंद अधिक ग्राह्य मानली जाते.

नोंदीत सामान्यतः तारीख, वेळ, स्थळ, निरीक्षणाचा कालावधी, पक्ष्यांची संख्या व अधिवास लिहिला जातो. ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर निरीक्षक दिसलेल्या सर्व जातींची यादी देतात आणि असामान्य नोंदींची स्थानिक जाणकार छाननी करतात. केवळ दुर्मीळ पक्ष्याचीच नोंद करून नेहमीचे पक्षी वगळले, तर नेहमीच्या पक्ष्यांची घट लक्षात येत नाही. अशा नोंदींच्या आधारे तयार झालेल्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन असून १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य देण्यात आले आहे. पाणपक्ष्यांसाठी १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तीत हौशी निरीक्षक सहभागी होतात.

सहलीची पद्धत

सूर्योदयापूर्वी स्थळी पोहोचणे इष्ट मानले जाते, कारण पक्षी पहाटे व सकाळी अधिक सक्रिय असतात. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण बहुतेक ठिकाणी पुरेशी होते. जलाशयावरील दूरच्या बदकांसाठी तिपाईवरील स्पॉटिंग स्कोप उपयोगी पडतो. मळकट हिरवे किंवा खाकी कपडे, टोपी, पिण्याचे पाणी, वही व पक्षी ओळखण्याचे पुस्तक हे नेहमीचे साहित्य होय. जलाशयावर सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडल्यास रंग स्पष्ट दिसतात. अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाचे शुल्क व नियम लागू असतात.

संकेत व कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची शिकार करणे, त्यांना पकडणे तसेच अंडी किंवा घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. याशिवाय निरीक्षकांमध्ये पुढील संकेत पाळले जातात:

- घरट्याजवळ थांबू नये आणि घरट्याभोवतालची पाने किंवा फांद्या दूर करू नयेत. आडोसा गेल्यास पिलांना ऊन लागते आणि शिकारी पक्ष्यांना घरटे दिसते.
- पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वारंवार वाजवू नये. आपल्या क्षेत्रात प्रतिस्पर्धी आला असे समजून पक्षी खाणे व पिलांची देखभाल सोडतो.
- उडतानाचे छायाचित्र मिळावे म्हणून थव्याच्या दिशेने होडी नेऊ नये. खाण्याच्या वेळी वारंवार उडावे लागल्यास स्थलांतरासाठी साठवलेली ऊर्जा खर्च होते.
- संवेदनशील जातींचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर जाहीर करू नये.

आव्हाने

सहलींची बहुतेक स्थळे मानवनिर्मित किंवा मानवाच्या वापरातील आहेत. भिगवणचा उथळ काठ धरणातील पाण्याच्या नियोजनावर ठरतो, आणि पाणी ओसरलेल्या त्याच जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. नद्यांतून येणारे सांडपाणी व जलपर्णीची वाढ यांमुळे खुल्या पाण्याचे क्षेत्र घटते. ठाणे खाडीत चिखलाणीला संरक्षण मिळाले तरी भरतीच्या वेळच्या विश्रांतीस्थळांवर बांधकामाचा दबाव आहे, आणि ती नष्ट झाल्यास खाडीतील खाद्य उपलब्ध असूनही पक्ष्यांना तेथे टिकणे कठीण होते. महसुली दप्तरात माळरानांची नोंद अनेकदा पडीक जमीन अशी असल्याने तेथे वृक्षलागवड, शेती किंवा प्रकल्प उभे राहतात. माळढोकाला उंच वीजवाहिन्यांचाही धोका असतो, कारण समोरच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत आणि जड शरीरामुळे चटकन दिशा बदलता येत नाही.

पर्यटकांची वाढती संख्या हेही एक आव्हान आहे. सुट्टीच्या दिवशी एकाच थव्याभोवती अनेक होड्या जमल्यास पक्षी ती जागा सोडतात आणि होडीचालकांचे उत्पन्नही घटते. त्यामुळे थव्यापासून योग्य अंतर राखणे हे पक्ष्यांच्या आणि स्थानिकांच्या अशा दोघांच्याही हिताचे ठरते.