‘स्लो’ आणि न मोजलेली हवा

आमच्या नागपुरातल्या गॅरेजांत ‘आयडलिंग’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथला शब्द ‘स्लो’. ‘गाडी स्लो धरत नाही’, ‘स्लो लावून द्या’. गाडी उभी असताना, अॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या गतीने स्वतःला जिवंत ठेवते, ती ही गती. साधारण चारचाकीत ती मिनिटाला सातशे ते नऊशे फेऱ्यांच्या आसपास असते. मोटारीच्या इतिहासात वेग आणि अश्वशक्ती यांवर पुष्कळ लिहिले गेले. स्लोवर फारसे नाही. मात्र मिस्त्रीचे ज्ञान, कायदा आणि संगणक या तिघांची गाठ पडली ती याच गतीपाशी, असे मला वाटते.

कारण भौतिक आहे. स्लोवर थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन तर हवा ओढतच असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक-तृतीयांशावर येतो. अशा वेळी सांध्यात केसाएवढी फट असली तरी तिच्यातून हवा आत घुसते. भरधाव गाडीत ती एकूण हवेत हरवून जाते. स्लोवर मात्र तिचा वाटा मोठा ठरतो. मॅनिफोल्ड बदलल्यावर बिघाड सर्वांत आधी स्लोवर दिसतो तो यामुळेच.

विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचा कार्बोरेटर केला आणि हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे काम एका नळीवर सोपवले. नळीतून जाणारी हवाच पेट्रोल खेचून घेते; त्यानंतर कुठून चोरवाटेने आलेली हवा तिच्या हिशेबात नसते. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेली मारुती ८००, या सगळ्यांचे पोट याच तत्त्वावर भरत होते. हिवाळी अधिवेशनाच्या गारठ्यात चोक ओढून सुरू होणारी आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत सिग्नलवर दम सोडणारी गाडी नागपूरकरांच्या ओळखीची होती. मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन कान लावी, स्क्रू पाव वळसा फिरवी, थांबे, पुन्हा ऐके. पॅकिंग हवा घेते आहे अशी शंका आली की सांध्यावर साबणाचे पाणी सोडायचे. फट क्षणभर बुजली आणि आवाज बदलला, की चोर सापडला.

या कानाच्या राज्यात कायद्याने पाऊल ठेवले ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधून. पेट्रोलवरच्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून अधिक नको, असे ठरले. आणि ही तपासणी करायची ती स्लोवरच. गंमत अशी की चोरटी हवा मिश्रण पातळ करते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड उलट कमी होतो. इंजिन अडखळले तरी गाडी उत्तीर्ण होऊ शके. ऑक्टोबर २००४ पासून हायड्रोकार्बनचीही मर्यादा आली आणि ही पळवाट अरुंद झाली, कारण अडखळणारे इंजिन न जळलेले पेट्रोल बाहेर टाकते.

दरम्यान यंत्रच बदलले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये राजधानी परिसरासाठी युरो मानकांचा आदेश दिला, २००० पासून देशभर नवे मानक आले आणि मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय झाली. युरोपात ही वाट आधीच दोन फांद्यांत फुटली होती. बॉशची १९६७ ची डी-जेट्रॉनिक मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधे. पुढे १९७० च्या दशकात आलेली एल-जेट्रॉनिक आत येणारी हवाच मोजे. आजच्या गाड्यांतले मॅप आणि मास एअरफ्लो सेन्सर हे या दोन घराण्यांचेच वारस.

घराणे ओळखले नाही तर रोगाचे निदान चुकते. हवा मोजणाऱ्या गाडीत सेन्सरनंतर शिरलेली हवा बेहिशेबी राहते, मिश्रण पातळ होते, स्लो थरथरतो. दाब मोजणाऱ्या गाडीत तीच हवा दाब वाढवते. संगणक प्रामाणिकपणे जास्त पेट्रोल देतो आणि स्लो चढतो. फेऱ्या फार चढल्या की बंद थ्रॉटल पाहून संगणक समजतो, गाडी उतारावर आहे; पेट्रोल तोडतो, फेऱ्या पडतात, पुन्हा देतो. काटा वर-खाली झुलत राहतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत हेच घडले. ती दाब मोजणाऱ्या घराण्यातली. तडा गेलेला मॅनिफोल्ड बदलून आणला, तर स्लो दीड हजारावर, काटा झुलता. एका गॅरेजने थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली. खर्च मॅनिफोल्डहून अधिक. मग एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी आधी ब्रेक बूस्टरची नळी चिमटली, फरक नाही. मग पीसीव्हीची, फरक नाही. मग थंड इंजिन सुरू करून सांध्यावर साबणाचे पाणी. तिसऱ्या सिलिंडरपाशी काटा खाली आला. मॅनिफोल्ड उतरवला, तर हेडच्या पृष्ठभागावर जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा चिकटून होता. ‘भाऊ, नवीन सामान खराब नाही, जुनं निघालं नाही,’ ते म्हणाले.

तो तुकडा खरवडला, पट्टी ठेवून पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री केली, नवे पॅकिंग बसवले, बोल्ट मधून सुरुवात करून कडेला जात टप्प्याटप्प्याने आवळले. बॅटरी काढल्यामुळे संगणकाने शिकलेले पुसले गेले होते. गाडी गरम करून, एसी बंद ठेवून काही मिनिटे स्लोवर चालू दिली. काटा आठशेवर स्थिरावला.

भारतात ओबीडी-दोन २०१३ पासून आले. स्कॅनर आता साध्या गॅरेजातही असतो आणि त्याचा मोठा उपयोग आहे: हवा मोजणाऱ्या गाडीत इंधनाची दुरुस्ती स्लोवर खूप जास्त आणि अडीच हजार फेऱ्यांवर सामान्य दिसली, तर गळतीच समजावी. परंतु स्कॅनर परिणाम सांगतो, जागा सांगत नाही. ‘मिश्रण पातळ’ हे वाक्य वाचून सेन्सर विकला जातो, साबणाचे पाणी विकता येत नाही. नव्या मुलांना स्कॅनर वापरता येतो. जुन्यांना ऐकता येते. दोघे एकाच गाडीवर वाकलेले मला अजून थोड्याच ठिकाणी दिसतात, आणि ग्राहकाचे पैसे वाचतात ते तिथेच.