धूम्रपान सोडताना वाढणारे वजन

सिगारेट किंवा विडी सोडल्यावर बहुतेकांचे वजन वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वाढ होते आणि तीही मुख्यतः पहिल्या ३ महिन्यांत. काहींचे वजन मात्र घटतेही. निकोटिन भूक दाबते व शरीराचा ऊर्जाव्यय किंचित वाढवते. ते थांबताच हे दोन्ही परिणाम ओसरतात. शिवाय अन्नाची चव आणि वास पूर्ववत जाणवू लागतात, आणि रिकामा हात फरसाणाच्या डब्याकडे वळतो.

तरीही याच काळात कडक पथ्य आरंभू नये. उपाशीपोटी तलफ अधिक छळते. जेवणाच्या वेळा पाळाव्यात. तलफ काही मिनिटांतच ओसरते, तेवढ्यापुरती काकडी, गाजर, भाजलेले चणे किंवा बडीशेप जवळ ठेवावी. सुपारी हा पर्याय नव्हे. चहासोबत सिगारेट ओढण्याची सवय असल्यास काही आठवडे चहाऐवजी ताक किंवा नारळाच्या रसाविना केलेली फुटी कढी घ्यावी. रोज अर्धा तास झपझप चालावे.

धूम्रपान सोडल्याने हृदयविकाराचा धोका जितका घटतो, तितका या चार-पाच किलोंनी वाढत नाही. मधुमेहींनी मात्र रक्तशर्करा तपासत राहून औषधांच्या मात्रेबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११२-३५६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.