कालेश्वरची रेंज

सिरोंच्यात आमच्या माडीवर एकच कोपरा असा होता, जिथं मोबाइलला रेंज यायची. तीही आपली नव्हे, गोदावरीपलीकडची. फोन लावला की आधी तेलुगूत बोलणारी बाई यायची आणि आजी म्हणायची, "पाय, कालेश्वरवाली आली."

आजोबांना त्याचं नवल नव्हतं. सिरोंच्याला जे यायचं ते नदीकडूनच, हे त्यांचं ठाम मत. हिंगणघाटचा कापूस होडीत घालून थेट काकिनाड्याच्या समुद्राला न्यायचा गोऱ्या साहेबाचा बेत होता, असं ते सांगत. मला ती थाप वाटायची. पुढं जुनी गॅझेटं चाळली आणि मुकाट्यानं शब्द मागं घेतले. १८६०च्या सुमारास सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि आपलं देवलमरी, या तीन खडकाळ टप्प्यांतून जलमार्ग काढायला कॅप्टन हेग नावाचा इंजिनिअर झटत होता. पण १८६७ साली रेल्वे नागपुरात आली, कापसानं मुंबईची वाट धरली. १८७१ला काम गुंडाळलं. तीन वर्षांनी तो जिल्हाही चांद्यात जिरला.

उरला डोंगा. पोखरलेल्या खोडाचा. आजी त्यात बसून माहेरी जायची. एक हात काठावर, दुसऱ्या हातात टमरेल, कारण तळातून झिरपणारं पाणी बसणाऱ्यानंच उपसायचं. "नावाडी पैसे घे, अन् कामबी आमच्याकडूनच करून घे," हा तिचा सत्तर वर्षांचा राग.

२०१६च्या अखेरीस गोदावरीवर पूल खुला झाला. आता दुखणंखुपणं निघालं की लोक मंचेरियाल नाहीतर वरंगल गाठतात. जिल्ह्याचं गाव गडचिरोली, दोनशे किलोमीटरांहून लांब, आणि त्यातला आलापल्लीपर्यंतचा रस्ता पोटुशीला सोसवेल असा कधीच नव्हता. पूल आधी परराज्याकडं झाला, याचा आजोबांना अभिमान होता की सल, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मागच्या पावसाळ्यात रेशनच्या यंत्राला नेट मिळेना. दुकानदारानं यंत्र काखेत मारलं आणि नदीच्या बांधावर गेला. मागं पिशव्या घेतलेल्या बायांची रांग. आजीचा नंबर आला. शेणामातीनं झिजलेला अंगठा तिनं पदरानं पुसला, तो टेकवण्याआधी सवयीनं पलीकडच्या कालेश्वरला हात जोडले. यंत्रावरचं चक्र फिरत राहिलं.

"लागली का रे?" तिनं विचारलं.

"थांब माय. वारा फिरू दे."