१८८५ ची ग्रंथकारसभा आणि सुप्याचे कर्जरोखे

न्या. रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मे १८७८ मध्ये पुण्यास मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसरी १८८५ साली भरली. तिचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. सर्वांचे मानवी हक्क न मानणाऱ्यांच्या ग्रंथांशी आपल्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा नकार निव्वळ वैयक्तिक रोष समजणे आम्हांस रास्त वाटत नाही. कन्हेरी ज्या बारामती तालुक्यात आहे, त्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले होते. निरक्षरास लिखित कागदाचा परिचय झाला तो असा. त्याच कुणब्याची दैना फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच मांडली होती.